पत्रिकेवरचं पहिलं नाव

"वर भाऊंचं नाव पाहिजे," आण्णा म्हणाले.

"वर दादांचं," आनंदाकाका म्हणाले.

मी माउस सोडला आणि हात मांडीवर घेऊन बसले. आण्णा माझे वडील आणि आनंदाकाका माझे होणारे सासरे. समोरच्या स्क्रीनवर माझ्याच लग्नाची पत्रिका उघडी होती. गणपती बसला होता, कुलदैवत बसलं होतं, 'चि. सुहास' आणि 'चि. सौ. कां. स्वप्नाली' सोनेरी अक्षरांत शेजारी शेजारी बसले होते. 'प्रमुख उपस्थिती' ही एकच ओळ काही केल्या बसत नव्हती.

आमच्या कागणुरात पत्रिकेवर पुढाऱ्यांची नावं छापायची पद्धत आहे. पुढारी लग्नाला येवो न येवो, नाव हवं. आणि ज्याचं नाव वर, त्याचं ते घर, असं सगळं गाव समजतं. एरवी यात काही अडचण नसते. पण त्या वर्षी नगराध्यक्षाची निवडणूक लागली होती, आणि भाऊ आणि दादा एकमेकांविरुद्ध उभे होते. मतदानाला आठ दिवस होते आणि लग्नाला अठरा.

"बाजूबाजूला टाकते," मी म्हटलं. "डावीकडे भाऊ, उजवीकडे दादा."

"डावीकडचं लोक आधी वाचत्यात," काका म्हणाले. "भाऊ आधी कशापायी?"

"उजवी बाजू मानाची असती," आण्णा म्हणाले. "दादा मानाला कशापायी?"

"मग गोलात टाकू?" आमचे मालक गुंडाशेठ मागून बोलले. "पंचांगातल्या ग्रहांसारखं?"

कुणीही हसलं नाही. गुंडाशेठ परत आपल्या मशीनकडे वळले.

"बघ निवृत्ती," काका उठले. "दादांचं नाव खाली गेलं तर मी त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई."

"नको ठेवूस. मांडव माझा हाय."

"पोरगं माझं हाय."

"मग ने पोरगं घरला," आण्णा म्हणाले.

दोघं दुकानाच्या एकाच दारातून बाहेर पडले आणि एक बाजाराकडे गेला, एक स्टँडकडे. मी पत्रिका सेव्ह केली. फाईलचं नाव होतं 'लग्न-फायनल-७'.

या दोघांना ओळखत असता तर तुम्हीही माझ्यासारखंच तोंड उघडं टाकून बसला असता. आण्णा एसटीचे ड्रायव्हर आणि आनंदाकाका कंडक्टर. बावीस वर्षं एकाच गाडीवर. दुसऱ्या कंडक्टरबरोबर गाडी काढावी लागली की आण्णा दिवसभर घुम्यासारखे असायचे. काकांनी डबल बेल दिल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नाही, आणि ही सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही. मागं बसून काकांनी स्कूटरच्या पत्र्यावर बोटांनी टण टण केल्याशिवाय आण्णा स्कूटरसुद्धा हलवत नसत. माझं आणि सुहासचं जमलं तेव्हा आम्ही दोघं महिनाभर भीत होतो की घरी सांगायचं कसं. सांगितलं तर आण्णा म्हणाले, "एवढंच? मला वाटलं काय झालं." आणि काका म्हणाले, "आता निवृत्तीच्या घरी जेवायला कारण लागणार न्हाई." जसं काय आधी लागत होतं.

सुहासच्या जन्माची गोष्ट तर काका दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला सांगायचे. काकू बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात आणि काका ड्युटीवर. रजा नाकारलेली. आणि नेमकी दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी गरम होऊन बंद पडली! काका पळत आत गेले, पोराचं तोंड बघून पळत बाहेर आले, आणि गाडी सुरू! "देवाची करणी," असं म्हणून काका दोन्ही हात जोडायचे. आण्णा मान डोलवायचे आणि शिरा वाढून घ्यायचे.

अशा दोन माणसांमध्ये निवडणूक शिरली ती फोनमधून.

भाऊंनी एकदा आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला होता. फोटोत मागच्या माणसाचं तोंड यावं म्हणून त्यांना बाजूला सारायला ठेवला होता, पण ठेवला होता. दादांनी एकदा काकांना भर चौकात नावानं हाक मारली होती. नाव चुकलं होतं, पण मारली होती. रिटायर होऊन चार वर्षं कुणी विचारत नव्हतं, आणि आता आण्णांच्या गळ्यात 'समाजमाध्यम प्रमुख, प्रभाग चार' असं ओळखपत्र आलं, रिबिनीसकट. काकांच्या गळ्यातही तसंच आलं, फक्त रिबीन निळी. दोघांना इतका आनंद झाला होता की मला आधी बरंच वाटलं. आण्णांनी फोनवरचा आईबरोबरचा फोटो काढून भाऊंचा लावला. आई म्हणाली, "बरं झालं, त्या फोटोत मी जाडच दिसत होते."

मग आण्णा 'आम्ही' म्हणायला लागले. "आम्ही पाण्याची टाकी बांधणार." "आम्हाला कुणी विकत घेऊ शकत न्हाई." पूर्वी त्यांच्या 'आम्ही'मध्ये काका असायचे. आता काका 'त्यांच्यातले' झाले. एसटीतल्या जुन्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिथं सकाळी कुणाच्या गुडघ्याचं दुखणं आणि संध्याकाळी कुणाच्या नातीचा नाच एवढंच चालायचं. तिथं आता काळीज, रक्त, निष्ठा आणि गद्दारी सुरू झाली. आण्णा आणि काका एकमेकांशी बोलायचे बंद झाले आणि फक्त एकमेकांना पोस्टी मारायला लागले. समोरच्याची पोस्ट मात्र दोघंही वाचत नसत. "विष कशाला वाचायचं?" आण्णा म्हणायचे.

आता माझी अडचण सांगते. त्या पोस्टी मी लिहीत होते.

दोन्हीकडच्या.

गुंडाशेठचं 'त्रिमूर्ती फ्लेक्स' हे कागणुरातलं एकुलतं एक धड दुकान. भाऊंचं काम आलं, दादांचंही आलं. गुंडाशेठनी दोन्ही घेतलं आणि मला दोन फोल्डर करून दिले. "हे बघ स्वप्ना," ते म्हणाले, "यातलं त्यात गेलं तर आपलं दुकान गेलं. कुणाच्या बापाला सांगायचं न्हाई." माझ्याच बापाला सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ होता.

सुरुवातीला मी गटार, पाणी, बाजारातल्या मुताऱ्या असं लिहिलं. भाऊंच्या गटाराला अकरा लाईक आले, त्यातले दोन आमच्या घरातले. गुंडाशेठ म्हणाले, "गटार कोण वाचतंय? काळीज लिही. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी एक दिवस विचार केला आणि मग काळीज लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी चारशे लाईक. लोकांनी त्या ओळी स्टेटसला ठेवल्या, रिक्षांच्या मागं चिकटवल्या. भाऊंचा स्वतःचा फोन आला गुंडाशेठना, की मी असा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

आणि आमच्या घरी आण्णा सकाळी चहाच्या वेळी ती पोस्ट मोठ्यानं वाचायचे आणि डोळे पुसायचे. मी समोर बसून चपातीचा तुकडा चहात बुडवायचे. तो तुटून चहात पडायचा.

पत्रिकेचं भांडण झालं त्या दुपारी सुहास दुकानासमोरच्या टपरीवर आला.

"बाबा म्हणतात, लग्न निवडणुकीनंतर बघू," तो म्हणाला. "म्हणजे नेमकं कधी, ते सांगत नाहीत."

"आण्णा म्हणतात, हॉल सोडून देऊ."

"तू सांगून टाक ना त्यांना. दोन्हीकडची तूच लिहितेस म्हणून."

"नोकरी जाईल."

"आणि लग्न गेलं तर?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग भाऊंचा नव्हता, दादांचाही नव्हता. माझ्या हातचं लिहिणं माझ्याच अंगावर आलं होतं, त्याचा होता. ज्या शब्दांनी आण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं, त्याच शब्दांचा दगड करून ते काकांना मारत होते. सुहासनं माझ्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. "एक काम कर," तो म्हणाला. "उद्या दोघांना परत बोलव. सांग, गुंडाशेठला पत्रिका उद्याच मशीनवर घ्यायची आहे, नाहीतर निवडणुकीची छपाई संपेपर्यंत नंबर लागणार नाही. पुढचं पुढं बघू."

ते खोटंही नव्हतं. पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायची, मग मामाला, मग गावाला. दिवस उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं आले. आण्णांच्या गळ्यात भगवी रिबीन, काकांच्या गळ्यात निळी. दोन स्टुलं होती. दोघांनी ती ओढून एकमेकांपासून लांब नेली. दुकान इतकं लहान, की एकाची पाठ कटरला टेकली आणि दुसऱ्याची शाईच्या डब्यांना.

"मी शेवटचं सांगतोय," आण्णा म्हणाले. "भाऊंचं नाव वर. का, ते ऐक. तुमच्या दादाला भाषणं येत्यात. आमच्या भाऊला माया येती. ऐक जरा." त्यांनी चष्मा चढवला आणि फोन लांब धरला. मी काही करायच्या आत ते वाचायला लागले.

"'संकटात दारात उभे राहणारे पुष्कळ. पण घरात शिरून चूल पेटवणारा, आणि आईसाठी रडणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन त्याची वेणी घालणारा एखादाच. ज्याला ही माया कळली, त्याला शहर कळलं. आपले भाऊ.'"

'वेणी'वर आण्णांचा आवाज फुटला. तो रोज तिथंच फुटायचा.

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"परत वाच," ते म्हणाले.

"कशाला? टिंगल करायला?"

"वेणीचं परत वाच, निवृत्ती."

आण्णांनी वाचलं. या वेळी हळू. काका स्टुलावरून उठले आणि माझ्याकडं बघायला लागले. मी कीबोर्डकडं बघायला लागले.

"तुझ्या भाऊला वेणी घालता येती व्हय रे?" काकांनी विचारलं.

"म्हंजे?"

"तीन पेडाची. मधला पेड सारखा सुटतोय म्हणून शेवटाला तिकिटाच्या गठ्ठ्याचं रबर लावलेली. शाळेत पोरी हसल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन रबरं लावलेली. ती येती का भाऊला?"

आण्णांनी चष्मा काढला.

"वहिनीचं ऑपरेशन झालतं," काका म्हणाले. "तू आठ दिवस दवाखान्यात तिच्या उशाला. ही सहा वर्षांची. कुणाच्या हातचं जेवंना. मी रजा टाकून..." ते थांबले. "मी वेणी घातली हे तुझ्या भाऊला कुणी सांगितलं?"

गुंडाशेठनी मशीन बंद केलं. आण्णा कितीतरी वेळ फोनकडं बघत होते. भाऊंच्या फोटोखाली त्या ओळी होत्या, आणि भाऊ हसत होते.

"तुझी वाच," आण्णा म्हणाले.

"माझी कसली?"

"दादांची. ग्रुपवर सारखी टाकतोस ती. मी वाचली न्हाई कधी. वाच."

काकांनी फोन काढला. त्यांना ती पाठच होती, तरी त्यांनी बघून वाचली. "'दुसऱ्याला त्याच्या नवजात लेकराचं तोंड बघता यावं, म्हणून जो चारचौघांत खोटं बोलतो, लोकांच्या शिव्या खातो, त्याची शिक्षाही एकटा मुकाट्यानं भोगतो, आणि आयुष्यभर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, अशा मोठ्या मनाच्या माणसाच्या हातात आपलं गाव द्या. आपले दादा.'"

आण्णा उठले. "पाणी कुठं हाय गं?" ते म्हणाले. पाण्याची बाटली त्यांच्या समोरच होती.

"मी रोज वाचतोय आणि रोज मला भरून येतंय," काका सांगायला लागले, "की असा माणूस असतोय जगात..." आणि मध्येच त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी फोन खाली घेतला. "निवृत्ती."

"हं."

"सुहास झाला त्या दिवशी गाडी गरम झालती न्हवं?"

आण्णा बाटलीचं झाकण फिरवत राहिले. ते उघडत नव्हतं, कारण ते बंद करायच्या दिशेनं फिरवत होते.

"निवृत्ती, गाडी गरम झालती का न्हाई?"

"डिसेंबर महिना," आण्णा म्हणाले. "सकाळचे साडेआठ. डेपोतनं पाणी भरून निघून दहा मिनिटं झालेली. काय गरम हुतंय, मर्दा, इंजिन?"

"मग?"

"मग काय. बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. चाळीस पॅसेंजर आईबापावरून शिव्या देत हुते. तू बाहेर येईपर्यंत तेवढाच टाईमपास."

"मेमो आला?"

"आला की. आला आणि गेला."

"मला कधी बोलला न्हाईस."

"तू म्हणत हुतास देवाची करणी. त्यात मी कशाला मधी तोंड घालू?"

काकांनी दोन्ही हात जोडले, अगदी वाढदिवसाला जोडायचे तसेच, आणि ते तसेच कपाळाला लावून स्टुलावर खाली बसले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. मग आवाज आला. ते हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम, आणि थांबत नव्हते.

"ही पोस्ट कुणी लिहिली?" आण्णांनी मला विचारलं.

गुंडाशेठ खाकरले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी छताकडं बघितलं.

"मी," मी म्हटलं.

"कुठली?"

"दोन्ही. सगळ्याच." आणि मग मला धीर आला. "मेमो मला आईनं दाखवला होता, तुमच्या पेटीतला. गुंडाशेठ मला म्हणाले, काळीज लिही. आण्णा, मी भाऊंना ओळखत नाही. दादांनाही नाही. माया करणारी माणसं म्हणून मला तुम्ही दोघंच माहीत होता. तर भाऊंसाठी मी काकांचं लिहिलं, आणि दादांसाठी तुमचं. वर फोटो त्यांचे लावले."

काकांनी डोळे पुसले. "म्हंजे मी तीन आठवडं ह्याच्यासाठी रडत हुतो?"

"आणि मी तुझ्यासाठी," आण्णा म्हणाले. "शी!"

मग ते जे हसायला लागले! कटरवर हात आपटत हसले, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत हसले. निळी रिबीन शाईच्या डब्यात पडली. टपरीवर बसलेला सुहास पळत आला, त्याला वाटलं मारामारी झाली. त्याच्या बापानं त्याला ओढून जवळ घेतलं आणि आण्णांपुढं उभं केलं. "ह्याचं तोंड," काका म्हणाले. "ह्याचं तोंड बघायला."

गुंडाशेठनी एवढा वेळ कसाबसा धीर धरला होता. "स्वप्ना, तुझ्या नोकरीचं मी उद्या बघतो," ते म्हणाले. "आत्ता मला एवढंच सांगा, वरचं नाव कुणाचं? मशीन थांबलंय माझं."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"कुणाचंच नको," आण्णा म्हणाले.

"असं कसं," काका म्हणाले. "रिकामं दिसंल. टाक की आपलंच."

ती पत्रिका अजून माझ्याकडं आहे. 'प्रमुख उपस्थिती'च्या जागी दोन ओळी आहेत, एसटीच्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर असतात तशा. चालक: निवृत्ती वरुटे. वाहक: आनंदा चौगले. नातेवाइकांनी खूप नावं ठेवली. गुंडाशेठनी मात्र पुढं चार जणांना तसल्याच पत्रिका करून विकल्या, आणि माझी नोकरी त्यातच वाचली.

तुम्हाला वाटेल, दोघांनी राजकारण सोडलं. छे. दुसऱ्याच दिवशी आण्णा चहा पिताना हळूच म्हणाले, "उद्याची जरा कडक लिही. आनंदाला झोंबली पाहिजे." संध्याकाळी काकांचा फोन आला, त्यांनीही तेच सांगितलं. फक्त आता दोघं एकमेकांच्या शेजारी बसून एकमेकांना पोस्टी पाठवायचे आणि समोरच्याची आधी वाचायचे. भाऊ निवडून आले. आण्णांनी गुलालाची पहिली मूठ काकांच्या डोक्यात टाकली. काका म्हणाले, "दादांच्या माणसाला गुलाल लावतोस, लाज न्हाई वाटत?" आणि आणखी मागून घेतला. लग्नाला भाऊही आले आणि दादाही आले. पत्रिकेत नाव नसताना आले, हे विशेष.

पण मला त्या दिवसातलं जास्त आठवतं ते नंतरचं.

पाठवणीला गाडी आण्णाच चालवणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. "चालक मी हाय, पत्रिकेत छापलंय," असं म्हणून त्यांनी जीपची किल्ली कुणाला दिली नव्हती. सासर म्हणजे तरी कुठं, स्टँडच्या पलीकडची गल्ली. चालत गेलं तर बारा मिनिटं. मी आणि सुहास मागं बसलो. आई खिडकीतून माझा हात सोडत नव्हती, मग तिनं सोडला. आण्णांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

गाडी हलली नाही.

मी आरशात बघितलं. आण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे समोरच्या रस्त्यावर. गाल ओले. बावीस वर्षं घाटातून गाडी काढलेला माणूस, पण त्यांचा हात काही गिअरकडं जाईना. बाहेर बँडवाले थांबले, बायका कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, "काय झालं?"

"काय न्हाई," बाहेरून आनंदाकाकांचा आवाज आला. "गाडी गरम झालीया. होऊ दे जरा थंड."

सगळं वऱ्हाड थांबलं. डिसेंबरातली संध्याकाळ होती. काका जीपच्या मागच्या फळीवर चढून उभे होते, एका हातानं टप धरून, जसे ते बावीस वर्षं उभे राहत होते. त्यांनी अजिबात घाई केली नाही. आण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आरसा नीट केला. आरशात त्यांना मी दिसले असेन. ते हसले.

मग काकांनी बोटातली अंगठी टपावर वाजवली. टण टण.

आणि आण्णांनी गिअर टाकला.